फाइल प्रणाली, लॉगरचित

संगणकाच्या चकतीवर किंवा फ्लॅश स्मृतीवर माहिती साठविताना पूर्वी लिहिलेल्या जागी फेरबदल न करता, प्रत्येक नवी वा बदललेली माहिती एकाच वाढत्या नोंदमालेच्या शेवटी लिहीत जाणाऱ्या साठवण व्यवस्थेस लॉगरचित फाइल प्रणाली म्हणतात. या नोंदमालेस लॉग अशी संज्ञा आहे. जहाजावरील घडामोडी ज्या क्रमाने घडतील त्या क्रमाने टिपून ठेवण्याच्या वहीस हे नाव असून तेथून ते संगणकशास्त्रात आले. इतरही काही फाइल प्रणालींत लॉग असतो. परंतु तेथे तो मूळ साठवणीच्या जोडीला, अपघातानंतर दुरुस्ती करण्यापुरता ठेवलेला असतो. लॉगरचित प्रणालीत मात्र लॉग हीच संपूर्ण साठवण असते. त्याखेरीज माहितीची दुसरी प्रत कोठेही नसते.

या पद्धतीत लिहिणे अत्यंत सोपे होते, कारण लिहिण्याची जागा नेहमी ठरलेली म्हणजे लॉगचे टोक ही असते. अडचण येते ती शोधण्याची. प्रत्येक बदलाबरोबर माहितीची जागा बदलत असेल, तर ती पुन्हा सापडावी कशी, हा या प्रणालीपुढील मुख्य प्रश्न होय. त्याचे उत्तर मेटाडेटाच्या मांडणीत आहे.

मेटाडेटा : फाइलीतील मजकूर ही एक माहिती आणि त्या फाइलीविषयीची माहिती ही दुसरी. फाइलीची लांबी, ती केव्हा बदलली, ती कोणाची आहे, तिचे तुकडे चकतीवर कोठे आहेत, अशा दुसऱ्या प्रकारच्या माहितीस मेटाडेटा म्हणतात. युनिक्स व तत्सम संगणक प्रणालींत प्रत्येक फाइलीचा मेटाडेटा आयनोड नावाच्या एका लहान नोंदीत ठेवलेला असतो व प्रत्येक आयनोडास एक क्रमांक असतो. चकतीवरील जागा ब्लॉक नावाच्या समान भागांत विभागलेली असते. एका ब्लॉकाचा आकार बहुधा ४ किलोबाइट असतो. आयनोडात फाइलीच्या पहिल्या काही ब्लॉकांचे पत्ते थेट दिलेले असतात. फाइल मोठी असल्यास उरलेल्या ब्लॉकांच्या पत्त्यांसाठी वेगळे ब्लॉक वापरतात व त्यांचे पत्ते आयनोडात असतात. फाइलीचे नाव आयनोडात नसते; ते निर्देशिकेत म्हणजे नावांच्या यादीत असते. निर्देशिकेत प्रत्येक नावापुढे केवळ आयनोडाचा क्रमांक लिहिलेला असतो. नावावरून क्रमांक, क्रमांकावरून आयनोड आणि आयनोडावरून मजकूर, अशी शोधाची साखळी असते.

जागच्या जागी लिहिण्याची पद्धत : बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या व १९८४ मध्ये वर्णन प्रसिद्ध झालेल्या जलद फाइल प्रणालीत आयनोडांच्या जागा चकती वापरास घेतानाच निश्चित केलेल्या असतात. त्यामुळे आयनोडाच्या क्रमांकावरून त्याचा पत्ता साध्या गणिताने काढता येतो आणि शोध सुलभ होतो. याची किंमत लिहिताना मोजावी लागते. एक लहान नवी फाइल निर्माण करावयाची झाल्यास तिचा मजकूर, तिचा आयनोड, निर्देशिकेचा ब्लॉक व निर्देशिकेचा आयनोड या सर्व गोष्टी चकतीवर निरनिराळ्या जागी असतात. नव्या फाइलीच्या आयनोडास दोन वेळा हात लावावा लागत असल्याने एकूण पाच वेळा तरी लिहावे लागते व दर वेळी चकतीचे वाचन-लेखन शीर्ष एका जागेवरून दुसरीकडे न्यावे लागते. शीर्ष हलविण्यात व चकती योग्य जागी फिरून येण्याची वाट पाहण्यात जाणारा काळ प्रत्यक्ष लेखनाच्या काळापेक्षा पुष्कळच अधिक असतो. यामुळे लहान फाइलींच्या बाबतीत चकतीच्या लेखनक्षमतेचा अल्पसा अंशच उपयोगात येतो.

दुसरा धोका अपघाताचा आहे. पाचांपैकी तीन गोष्टी लिहून झाल्या आणि वीज गेली, तर निर्देशिकेत नाव आहे पण आयनोड अपुरा आहे, अशी विसंगत स्थिती उद्‌भवते. विसंगती नेमकी कोठे आहे हे कळण्यास मार्ग नसल्याने संगणक पुन्हा सुरू झाल्यावर संपूर्ण चकतीचा मेटाडेटा तपासावा लागतो.

महसुली दप्तराचा दृष्टांत : या दोन पद्धतींतील भेद महाराष्ट्रातील गाव-दप्तराच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी किंवा अन्य कोणत्याही गावच्या जमिनीच्या नोंदी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ व तीखालील १९७१ चे नियम यांनुसार ठरावीक गाव नमुन्यांत ठेवल्या जातात. जमिनीवरील हक्कात खरेदी, वारसा, वाटणी, बोजा इ. कारणांनी जो बदल होतो, तो प्रथम गाव नमुना ६ मध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत ओळीने येणाऱ्या क्रमांकाखाली लिहिला जातो. फेरफार नोंदवहीत मागील नोंद खोडून तेथे नवी लिहिण्याची रीत नाही. प्रत्येक बदल वहीच्या शेवटीच येतो. ही वही म्हणजे लॉगच होय. हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत ठेवली जाते व नंतर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हस्तलिखित दप्तराच्या काळात तलाठी ही नोंद गाव नमुना ७ वर आधी पेन्सिलीने घेत असे व प्रमाणित झाल्यानंतर ती शाईने कायम करीत असे. तलाठी या पदास २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे नाव आहे.

गाव नमुना ७ हे जमिनीची आजची स्थिती दाखविणारे अधिकार अभिलेख पत्रक होय. गाव नमुना १२ या पिकांच्या नोंदवहीसह ते सातबारा या नावाने सर्वपरिचित आहे. प्रत्येक गट क्रमांकास त्याचे स्वतःचे पान असते व बदल त्याच पानावर केला जातो. थोडक्यात नमुना ६ मध्ये क्रम आहे आणि नमुना ७ मध्ये स्थान आहे. दोन्ही वह्या ठेवण्याची ही रीत लॉगच्या जोडीला जागच्या जागी लेखन करणाऱ्या संगणक प्रणालींसारखी आहे. लॉगरचित प्रणाली याच्या पुढे जाते. समजा, नमुना ७ ची स्वतंत्र वही बंद केली आणि बदल होईल तेव्हा त्या गटाचे संपूर्ण नवे पान फेरफार वहीच्याच शेवटी लिहिण्याचे ठरविले. तलाठ्यास एकच वही हाताळावी लागेल व लिहिण्याचे काम झपाट्याने होईल. परंतु अमुक गटाचे शेवटचे पान वहीत कोठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका त्याच्याजवळ नसेल, तर साध्या चौकशीसाठीही संपूर्ण वही उलटी चाळावी लागेल. लॉगरचित प्रणालीचा मेटाडेटा प्रामुख्याने या अनुक्रमणिकेची तरतूद करतो.

इतिहास : लॉगरचित फाइल प्रणालीची कल्पना जॉन ओस्टरहाउट व फ्रेड डग्लिस यांनी बर्कली येथे १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मांडली. संगणकांची मुख्य स्मृती मोठी होत चालल्याने वाचावयाची बरीचशी माहिती स्मृतीतच सापडेल आणि चकतीवरील बहुतेक काम लेखनाचेच उरेल, असे त्यांचे अनुमान होते. मेंडेल रोझेनब्लम व ओस्टरहाउट यांनी स्प्राइट या प्रायोगिक संगणक प्रणालीसाठी अशी फाइल प्रणाली प्रत्यक्षात उतरविली. १९९० मध्ये ती वापरात आली व १९९१ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढील विवेचनात आधारभूत मानलेली मांडणी मुख्यतः याच प्रणालीची आहे.

खंड : चकतीची जागा मोठ्या व समान खंडांत विभागलेली असते. स्प्राइटमध्ये एका खंडाचा आकार ५१२ किलोबाइट किंवा १ मेगाबाइट होता. बदललेले ब्लॉक प्रथम मुख्य स्मृतीत साठू दिले जातात व पुरेसे साठल्यावर एका दमात सलग लिहिले जातात. खंड इतका मोठा असतो की, तेथपर्यंत शीर्ष नेण्यास लागणारा काळ लेखनाच्या काळापुढे नगण्य ठरतो. लॉग खंडाच्या आत सलग असतो. खंड भरल्यावर तो दुसऱ्या रिकाम्या खंडात पुढे चालू होतो. हे दोन खंड शेजारी असलेच पाहिजेत असे नाही. मजकुराचे ब्लॉक, आयनोड, निर्देशिकांचे ब्लॉक आणि पुढे वर्णिलेला आयनोड नकाशा ही सर्व एकाच ओघात एकामागून एक लिहिली जातात. मजकुरासाठी एक व मेटाडेटासाठी दुसरा, असे राखीव प्रदेश या मांडणीत नसतात.

आयनोड नकाशा : आयनोडही लॉगच्या शेवटी लिहिला जात असल्याने त्याचा पत्ता क्रमांकावरून गणिताने काढता येत नाही. यासाठी प्रत्येक आयनोड क्रमांकापुढे त्या आयनोडाच्या सर्वांत अलीकडील प्रतीचा पत्ता देणारा तक्ता ठेवतात. यास आयनोड नकाशा म्हणतात.

या नकाशामुळे आणखी एक अडचण टळते. फाइलीचा एक ब्लॉक बदलला की त्याचा पत्ता बदलतो. म्हणून आयनोड बदलावा लागतो व तोही नव्या जागी जातो. निर्देशिकेत जर आयनोडाचा पत्ता लिहिलेला असता, तर निर्देशिकाही बदलावी लागली असती. तिचा ब्लॉक नव्या जागी गेल्याने तिचा आयनोड, त्यामुळे तिच्या वरची निर्देशिका, असे करीत एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी थेट मूळ निर्देशिकेपर्यंतची प्रत्येक पायरी पुन्हा लिहावी लागली असती. निर्देशिकेत पत्ता नसून क्रमांक असतो व क्रमांक बदलत नाही. बदलाची ही लाट नकाशापाशी येऊन थांबते. खातेदार आपली जमीन वहीच्या पृष्ठांकाने न सांगता गट क्रमांकाने सांगतो. त्यामुळे वही कितीही वेळा बदलली तरी त्याचे बोलणे चुकत नाही, तसेच हे आहे.

आयनोड नकाशाही जागच्या जागी न लिहिता त्याचे ब्लॉक करून लॉगमध्येच लिहिले जातात. तो चकतीवर एका ठरावीक जागी ठेवला असता, तर प्रत्येक लेखनानंतर शीर्षास तेथे परत जावे लागून सगळी बचत वाया गेली असती. नकाशा आटोपशीर असल्याने त्याचा नेहमी लागणारा भाग मुख्य स्मृतीत मावतो. त्यामुळे आयनोडाचा पत्ता शोधण्यासाठी चकती क्वचितच वाचावी लागते.

चेकपॉइंट : नकाशाचे तुकडेही लॉगमध्ये विखुरलेले असल्याने ते कोठे आहेत हे सांगणारी एखादी अचल जागा शेवटी आवश्यक ठरते. या जागेस चेकपॉइंट प्रदेश म्हणतात. त्यात आयनोड नकाशाच्या सर्व ब्लॉकांचे पत्ते, पुढे वर्णिलेल्या खंड-वापर तक्त्याच्या ब्लॉकांचे पत्ते, शेवटी लिहिलेल्या खंडाचा निर्देश आणि वेळ इतक्या गोष्टी असतात. चकतीवर हा प्रदेश आणि प्रणालीची मूलभूत मापे देणारा एक ब्लॉक एवढ्याच गोष्टींच्या जागा निश्चित असतात. बाकी सर्व काही लॉगमध्ये असते.

चेकपॉइंट प्रदेश एक नसून दोन असतात व ते आलटून पालटून लिहिले जातात. वेळ ही प्रदेशाच्या शेवटच्या ब्लॉकात लिहिली जाते. लिहिताना मध्येच वीज गेली तर वेळेची नोंद होत नाही. त्यामुळे अर्धवट प्रत वैध ठरत नाही व दुसऱ्या प्रदेशातील आधीची पूर्ण प्रत शाबूत राहते. संगणक पुन्हा सुरू होताना दोहोंपैकी अलीकडील वेळ असलेली प्रत प्रमाण मानली जाते. २०२० मध्ये सुधारलेल्या सातबाऱ्याच्या नमुन्यात शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक दाखविण्याची सोय झाली. हा उतारा कोणत्या नोंदीपर्यंतची स्थिती सांगतो, हे त्यावरून कळते. चेकपॉइंटाचे कार्य याच जातीचे आहे.

शोधाचे उदाहरण : समजा, ‘मानोरा’ या निर्देशिकेत ‘नकाशा’ नावाची फाइल असून तिचा आयनोड क्रमांक ५७ आहे. संगणक सुरू होताना चेकपॉइंट वाचून आयनोड नकाशा स्मृतीत आणलेला असतो. फाइल मागितल्यावर ‘मानोरा’ निर्देशिकेत ‘नकाशा’ या नावापुढे ५७ हा आकडा मिळतो. आयनोड नकाशात ५७ पुढे, समजा, १,२०० हा पत्ता आहे. तेथील आयनोड वाचून मजकुराच्या ब्लॉकांचे पत्ते मिळतात. फाइलीत दुरुस्ती केल्यावर मजकुराचा नवा ब्लॉक ९,८४० या पत्त्यावर, त्यालगत ९,८४१ वर नवा आयनोड आणि पुढे नकाशाचा संबंधित तुकडा लिहिला जातो. आता ५७ पुढे ९,८४१ हा पत्ता असतो. १,२०० वरील जुना आयनोड पुसलेला नसतो. परंतु त्याच्याकडे बोट दाखविणारे काहीही उरलेले नसल्याने तो मृत ठरतो. निर्देशिकेस हात लावावा लागत नाही. आयनोड सापडल्यानंतरचा वाचनाचा मार्ग जुन्या पद्धतीसारखाच असल्याने वाचनाच्या वेगात फारसा फरक पडत नाही.

अपघातानंतरची पूर्वस्थिती : शेवटचा चेकपॉइंट आणि अपघाताचा क्षण यांच्यामध्ये लिहिलेल्या भागाचे काय करावयाचे, यासंबंधी दोन मार्ग आहेत. पहिल्यात तो भाग सोडून देऊन चेकपॉइंटापासून पुन्हा आरंभ करतात. यात पुनरारंभ तत्काळ होतो, पण मधले काम नष्ट होते. स्प्राइटच्या नित्य वापरातील चकत्यांवर हाच मार्ग अवलंबिला होता व दर ३० सेकंदांनी चेकपॉइंट लिहिला जात होता. दुसऱ्यात चेकपॉइंटानंतर लिहिलेले खंड क्रमाने वाचतात. नवा आयनोड आढळला की, तो आयनोड नकाशात चढविला जातो व त्याबरोबर त्याचा मजकूरही प्रणालीत येतो. मजकूर आहे पण त्याचा आयनोड लिहिला गेलेला नाही, असे आढळल्यास तो अपुरा समजून वगळतात. पेन्सिलीची नोंद कोणती कायम करावयाची व कोणती सोडावयाची, असा हा निर्णय असतो.

नाव आणि आयनोड यांचा मेळ राखण्यासाठी निर्देशिकांतील बदलांची एक वेगळी नोंद लॉगमध्ये करतात. फाइल निर्माण करणे, तिचे नाव बदलणे किंवा ती काढून टाकणे यांपैकी काय झाले, कोणत्या निर्देशिकेत कोणत्या जागी झाले, नाव व आयनोड क्रमांक कोणता आणि त्या आयनोडाकडे निर्देश करणारी नावे आता किती, एवढा तपशील तीत असतो. ही नोंद संबंधित निर्देशिका व आयनोड यांच्या आधी लॉगमध्ये गेलेली असावी असा नियम असतो. त्यामुळे पुनरारंभाच्या वेळी अर्धवट राहिलेला बदल पुरा करता येतो. एकच अपवाद असा की, नव्या फाइलीचा आयनोड मुळीच लिहिला गेला नसेल, तर तिचे नाव निर्देशिकेतून काढून टाकावे लागते. कोणत्याही स्थितीत संपूर्ण चकती तपासावी लागत नाही. लॉगचे शेपूट तेवढे पाहिले की पुरते.

सफाई व तिच्यासाठीचा मेटाडेटा : चकतीची जागा मर्यादित असल्याने लॉग अखंड वाढू शकत नाही. जुन्या खंडांत मृत ब्लॉक साठत जातात व त्यांची जागा परत मिळवावी लागते. यासाठी काही खंड स्मृतीत वाचून त्यांतील जिवंत ब्लॉक वेगळे काढतात, ते लॉगच्या शेवटी एकत्र लिहितात व जुने खंड रिकामे म्हणून घोषित करतात. या कामास सफाई म्हणतात. ब्लॉक जिवंत आहे किंवा कसे हे कळण्यासाठी प्रत्येक खंडात सारांश ठेवलेला असतो. खंडातील प्रत्येक ब्लॉक कोणत्या फाइलीचा व तीतील कितवा आहे, हे त्यात लिहिलेले असते. त्या फाइलीचा आजचा आयनोड याच पत्त्याकडे निर्देश करीत असेल, तर ब्लॉक जिवंत, अन्यथा मृत. याशिवाय आयनोड नकाशात प्रत्येक फाइलीचा आवृत्ती क्रमांक असतो. फाइल काढून टाकली किंवा पूर्ण रिकामी केली की तो एकाने वाढतो. सारांशातील आवृत्ती जुनी आढळल्यास आयनोड न पाहताच ब्लॉक मृत ठरविता येतो.

कोणता खंड आधी साफ करावा हे ठरविण्यासाठी खंड-वापर तक्ता असतो. त्यात प्रत्येक खंडातील जिवंत माहितीचे प्रमाण आणि तीतील सर्वांत अलीकडील बदलाची वेळ नोंदलेली असते. सफाईचा खर्च जिवंत माहितीच्या प्रमाणावर अवलंबून असतो. खंडाचा २०% भाग जिवंत असल्यास १ एकक नवी माहिती लिहिण्यासाठी एकूण २.५ एककांचे वाचन-लेखन करावे लागते. ५०% जिवंत असल्यास ४ एककांचे, तर ८०% जिवंत असल्यास १० एककांचे. म्हणून चकती जवळजवळ भरलेली असताना ही प्रणाली मंदावते. सर्वांत रिकामा खंड नेहमी आधी घेणे हे वरकरणी योग्य वाटते. पण रोझेनब्लम व ओस्टरहाउट यांना असे आढळले की, दीर्घकाळ न बदललेल्या माहितीचे खंड बरेच भरलेले असतानाही साफ करणे हितावह असते, कारण तेथे मिळविलेली जागा दीर्घकाळ मोकळी राहते. उलट वारंवार बदलणाऱ्या माहितीचा खंड थोडा थांबल्यास आपोआप अधिक रिकामा होतो. या धोरणामुळे सफाईचा खर्च धरूनही स्प्राइटची प्रणाली चकतीच्या लेखनक्षमतेपैकी ७०% भाग वापरू शकते, तर तत्कालीन युनिक्स प्रणाली सामान्यतः ५ ते १०% च वापरू शकत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

नंतरच्या प्रणाली : मार्गो सेल्ट्झर व तिचे सहकारी यांनी १९९३ मध्ये बर्कली युनिक्ससाठी या प्रणालीचे नवे रूप सिद्ध केले. त्यात आयनोड नकाशा व खंडांची माहिती एका सामान्य फाइलीत ठेवली होती. त्यामुळे मेटाडेटाही इतर फाइलींच्याच वाटेने लिहिता-वाचता येऊ लागला. जपानमधील एनटीटी या दूरध्वनी कंपनीच्या संशोधकांनी तयार केलेली व दुसऱ्या आवृत्तीच्या रूपाने २००९ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झालेली निलएफएस ही प्रणाली चेकपॉइंटांची मालिकाच जपून ठेवते. वापरणाऱ्याने त्यांपैकी एखादा कायम ठेवण्यास सांगितल्यास त्या क्षणीची संपूर्ण स्थिती नंतर वाचता येते. सॅमसंग कंपनीने विकसित केलेली व २०१३ मध्ये लिनक्समध्ये आलेली एफटूएफएस ही प्रणाली फ्लॅश स्मृतीसाठी असून ती अनेक अँड्रॉइड फोनांत वापरली जाते.

फ्लॅश स्मृतीत फिरणारी चकती वा शीर्ष नसते. तरीही लॉगची पद्धत तिला विशेष मानवते. फ्लॅश स्मृतीच्या पृष्ठावर एकदा लिहिल्यानंतर ते पुसल्याशिवाय पुन्हा लिहिता येत नाही. पुसताना अनेक पृष्ठांचा मोठा गट एकदम पुसावा लागतो आणि एक गट मर्यादित वेळाच पुसता येतो. एफटूएफएसमध्ये खंडाचा आकार २ मेगाबाइट असतो. वारंवार बदलणारी व क्वचित बदलणारी माहिती वेगळी राहावी म्हणून ती एकाऐवजी सहा लॉग एकाच वेळी चालविते. त्यांपैकी तीन मेटाडेटाच्या नोंदींसाठी व तीन मजकुरासाठी असतात. आयनोडांचे पत्ते देणारा तक्ता मात्र तीत लॉगमध्ये न ठेवता आरंभीच्या निश्चित प्रदेशात ठेवलेला असून त्याच्या दोन प्रती असतात व चेकपॉइंट त्यांपैकी वैध प्रत कोणती हे सांगतो. एखादे उपयोजन अमुक माहिती आत्ताच पक्की करावी असे सांगते, तेव्हा संपूर्ण चेकपॉइंट न लिहिता त्या फाइलीच्या नोंदीवर खूण करून तेवढीच लिहिली जाते व अपघातानंतर अशा खुणेच्या नोंदी शोधून त्या जोडून घेतल्या जातात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी शेतातील पिकाचे छायाचित्र घेऊन नमुना १२ ची नोंद स्वतःच्या फोनवरून करतो. ही नोंद शासकीय संगणकापर्यंत पोचण्यापूर्वी फोनातच असेल आणि त्या वेळी फोन बंद पडला, तर ती टिकेल किंवा कसे, हे चेकपॉइंट व त्यानंतरची पक्की केलेली नोंद यांवर अवलंबून असते. मेटाडेटाच्या मांडणीचा संबंध अशा रीतीने मानोऱ्यातील एखाद्या खातेदाराच्या पीकविम्याच्या किंवा नुकसानभरपाईच्या आधाराशी येऊ शकतो.

लॉग व इतिहास : लॉग या शब्दावरून अशा प्रणालीत सर्व जुनी माहिती सुरक्षित राहत असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे; तो बरोबर नाही. फेरफार नोंदवहीतील जुना फेरफार नव्या फेरफारामुळे निरुपयोगी होत नाही. वारसाहक्क, वाटणी किंवा मालकीचा वाद उपस्थित झाला म्हणजे कित्येक दशकांपूर्वीची नोंदही पुराव्यासाठी पाहिली जाते. लॉगरचित फाइल प्रणालीत मात्र जी नोंद आजच्या स्थितीस लागत नाही ती मृत समजली जाते व सफाईत तिची जागा दुसऱ्यास दिली जाते. येथे क्रम राखलेला असतो तो लेखनाच्या सोयीसाठी व अपघातातून सावरण्यासाठी, स्मरणासाठी नव्हे. याची दुसरी बाजू अशी की, काढून टाकलेली फाइलही सफाई होईपर्यंत चकतीवर शिल्लक राहू शकते. गोपनीय माहिती नष्ट करावयाची असल्यास ती केवळ काढून टाकणे किंवा तिच्यावर दुसरा मजकूर लिहिणे या प्रणालीत पुरेसे नसते, कारण नवा मजकूर जुन्याच्या जागी कधीच जात नाही.

यावरून असे दिसते की, संगणकीकृत अभिलेखांचा इतिहास जतन करण्याची जबाबदारी फाइल प्रणालीवर सोपविता येत नाही. प्रत्येक फेरफार त्याच्या क्रमांकासह स्वतंत्र नोंद म्हणून ठेवणे, तिच्या प्रती अन्यत्र राखणे आणि ती कोणी व केव्हा प्रमाणित केली हे नमूद करणे, ही कामे अभिलेखाच्या व्यवस्थेनेच करावी लागतात. लिहिलेले जलद पक्के व्हावे आणि पुन्हा अचूक सापडावे, एवढेच लॉगरचित फाइल प्रणाली आपल्या मेटाडेटाच्या साहाय्याने साधते.